डिटेन हे सकर्मक क्रियापद

परदेशी जायला माणसाला काय लागतं? पासपोर्ट, पांढऱ्या भिंतीसमोर काढलेले दोन फोटो, बँकेचा दाखला, आणि आपण आयुष्यात नेमकं काय काय केलंय याची पक्की खात्री. यातल्या पहिल्या तीन गोष्टी नकाशेकाकांकडे होत्या.

नकाशेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जलखात्याच्या नकाशा विभागात तेहतीस वर्षं आरेखक म्हणून काढल्यावर इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून ते त्यांना बहाल केलं होतं, आणि त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं होतं. तेहतीस वर्षांत त्यांनी दोनशेच्या वर तलाव निळे रंगवले होते. एवढं निळं सतत डोळ्यांसमोर असलं की माणसावर परिणाम होतोच. चहाचा कप उचलावा, तोंडाशी नेता नेता नजर खिडकीबाहेर जावी आणि कप तिथेच हवेत राहावा, असं दिवसातून चार-पाच वेळा व्हायचं. काकू अशा वेळी स्वयंपाकघरातून नुसतं "गेले!" म्हणायच्या. नवखे पाहुणे दचकून उभे राहायचे.

व्हिसाचा अर्ज सव्वीस पानांचा होता. काकूंची ताई एकतीस वर्षांपूर्वी नर्सची नोकरी धरून परदेशी गेली ती तिकडेच राहिली. मध्ये एकदाच आली होती, वडील आजारी असताना, चार दिवसांसाठी. त्या चार दिवसांत दोघी बहिणी औषधांच्या वेळा सोडून दुसरं काही बोलल्या नव्हत्या. ताई सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे काकूंच्या वेण्या तिनेच घातलेल्या, पाढे तिनेच पाठ करून घेतलेले. तर त्या ताईचा फोन आला होता. अंगणात नऊ वर्षांपूर्वी लावलेल्या नासपतीच्या झाडाला यंदा पहिल्यांदा फळ धरलंय, सव्वा महिन्यात तयार होईल, दोघं या. नाहीतर पक्षी खातील आणि मी बघत बसेन.

काकूंनी त्याच दिवशी अर्ज मागवला. जेवणाच्या टेबलावर मेणकापड पुसून त्या काकांच्या शेजारी बसल्या आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचू लागल्या. काका सुबक अक्षरात उत्तरं लिहीत होते. सोळाव्या प्रश्नापर्यंत त्यांचं आयुष्य चौकटीत अगदी व्यवस्थित बसत होतं.

सतरावा प्रश्न असा होता. तुम्हाला कधीही, कुठेही, कोणत्याही कारणासाठी डिटेन करण्यात आलं आहे का? हो किंवा नाही. खाली जाड ठशात सूचना होती की खोटी माहिती दिल्यास अर्ज कायमचा फेटाळला जाईल.

"हो लिहा," काकू म्हणाल्या.

काकांचं पेन थांबलं.

"लिहा ना. तुम्हाला तलावावर पकडून ठेवलं नव्हतं का? ताई गेली त्या दिवशी?"

"अगं, पण ते किती जुनं..."

"कधीही, असं लिहिलंय. जुनं-नवं कुठे विचारलंय?"

आता इथे तो प्रसंग सांगायला हवा. आणि तो दोनदा सांगायला हवा, कारण तो दोन प्रकारे घडला होता.

काकू सांगत तो प्रकार असा. लग्नाला आठ महिने झाले होते. ताईची गाडी साडेपाचची. काकांनी कचेरीच्या कामावरून चारपर्यंत घरी यायचं आणि दोघांनी मिळून स्टेशनवर जायचं, असं ठरलेलं. काका आले नाहीत. काकू पाचपर्यंत दारात उभ्या राहिल्या, मग एकट्याच निघाल्या आणि पोचल्या तेव्हा फलाटावर झाडूवाला झाडत होता. काका सात वाजता घरी आले आणि म्हणाले, "मला तलावावर पकडून ठेवलं होतं." काकूंनी रडणं थांबवलं आणि त्यांना पाणी दिलं. पुढे हा प्रसंग त्या लोकांना सांगू लागल्या. पहिल्या वर्षी त्यात एक पहारेकरी होता. पाचव्या वर्षी दोन झाले. दहाव्या वर्षी त्यांच्या हातात बंदुका आल्या. अलीकडे एक जीपही आली होती, आणि काका त्या जीपकडे छाती काढून चालत जात. ताईलाही त्यांनी हे पत्राने कळवलं होतं, आणि ताई अजून फोनवर विचारायची, "काय, आमच्या कैद्याची तब्येत कशी आहे?"

खरा प्रकार थोडा लहान होता. काका तलावाची कड नकाशावर पडताळायला गेले होते आणि ओळखपत्र घरी विसरले होते. धरणावरच्या पहारेकऱ्याने त्यांना चौकीत बसवलं, कचेरीला फोन लावला, कचेरीने "हो, आमचाच आहे, असाच दिसतो" असं सांगितलं, आणि पहारेकरी म्हणाला, "जा." हे सगळं अर्ध्या तासात झालं. तेव्हा सव्वातीनसुद्धा वाजले नव्हते. नकाशेकाका उठले नाहीत.

सोडल्यावर त्यांना कोणी अडवलं नव्हतं. ते नुसते बसले होते, साडेपाच उलटून जाईपर्यंत. आणि हे त्यांनी एकतीस वर्षांत एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे आता "हो" लिहावं, तर ते अर्ध्या तासापुरतंच खरं. "नाही" लिहावं, तर काकू विचारणार, नाही म्हणजे काय? प्रामाणिक माणसाची एवढी कोंडी तुरुंगातसुद्धा होत नसेल. काकांनी सतरावी चौकट रिकामी सोडली, आणि काकू डाळीला फोडणी द्यायला उठल्या तेव्हा तिथे बारीक अक्षरात लिहिलं: थोडंसं.

अर्ज चौथ्या दिवशी परत आला. सोबतच्या चिठ्ठीत म्हटलं होतं की "थोडंसं" हे उत्तर उपलब्ध नाही.

एव्हाना इमारतीला या प्रकरणाचा वास लागला होता. तळमजल्यावरचे वकील बनियनवर वर आले. ते जागेच्या तंट्यांचे वकील होते, पण शेजाऱ्यांसाठी सर्व शाखा खुल्या ठेवत.

"काका, घाबरू नका. अटक वेगळी आणि डिटेन वेगळं," ते खुर्ची ओढून म्हणाले. "अटकेला कागद लागतो. डिटेनला नुसती खुर्ची लागते. तुम्हाला खुर्ची दिली होती?"

"स्टूल होतं."

"स्टूल!" वकील विचारात पडले. "स्टुलावर निकाल मिळायला जरा कठीण आहे. पाठ टेकता येत होती?"

"मागे भिंत होती."

"मग आपली बाजू भक्कम आहे," वकील म्हणाले. कुठली बाजू, हे त्यांनी सांगितलं नाही. चहा घेऊन ते गेले, आणि जाताना काकूंना धीर देऊन गेले. तोपर्यंत काकूंना धीराची गरज नव्हती. ती तेव्हापासून लागू लागली.

वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या बाई राहत. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरही त्या जिन्यात भेटणाऱ्या माणसाच्या वाक्यातलं कर्म शोधत. काका त्यांच्याकडे एकटेच गेले. बाईंनी दोन हातांनी उचलावा लागणारा शब्दकोश काढला, चष्मा पुसला आणि बोट फिरवत नेलं.

"डिटेन. एक, थांबवून ठेवणे, उशीर करवणे. दोन, ताब्यात ठेवणे, अटकाव करणे. तीन, विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवणे."

"तिसरं माझं झालंय. सहावीत," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "भूगोलात."

"तुम्ही? भूगोलात?"

"मी नकाशात समुद्र रंगवत बसलो होतो. बाकीचे प्रश्न राहून गेले."

बाईंनी बोट पुन्हा पहिल्या अर्थावर नेलं. "पहिल्या अर्थाने तर सगळेच डिटेन होतात. आत्ता मीच तुम्हाला केलंय. अर्जात दुसरा अर्थ अपेक्षित आहे. तुम्हाला कोणी ताब्यात ठेवलं होतं का, एवढाच प्रश्न."

काकांनी बराच वेळ मेजावरच्या पेपरवेटमधल्या बुडबुड्याकडे पाहिलं. मग विचारलं, "बाई, माणूस स्वतःला डिटेन करू शकतो का?"

"हे सकर्मक क्रियापद आहे," बाई म्हणाल्या. "त्याला करणारा लागतो आणि ज्याला करायचं तो लागतो. व्याकरणाने पाहिलं तर स्वतः स्वतःला करायला हरकत नाही. पण वापरात नाही. तसं म्हणणाऱ्याला लोक हसतील."

काका जिना उतरून आले ते अगदी हळू. एका सकर्मक क्रियापदाचं कर्म होण्यासाठी आपल्याला कर्ता मिळू नये, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

इकडे काकूंनी व्हिसाच्या एजंटला फोन लावला होता. एजंट म्हणाला, काकू, सगळे "नाही"च लिहितात. काकू म्हणाल्या, आम्ही सगळे नाही. मग एजंट कंटाळून म्हणाला, "हो" लिहायचं असेल तर पुरावा जोडा. कधी पकडलं, कोणी पकडलं, कधी सोडलं, शिक्क्यानिशी. त्याचा इंग्रजी तर्जुमा. आणि मुलाखत द्यावी लागेल, दोघांनाही, कारण अर्ज एकत्र आहे.

"एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "तुमच्याच खात्याची चौकी होती. जुनी दप्तरं असतीलच. उद्या जा आणि घेऊन या." आणि परत आलेल्या अर्जातलं "थोडंसं" खोडून त्यांनी स्वतः "हो" लिहिलं.

नकाशेकाका दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आपल्या जुन्या कचेरीत गेले. मनातून त्यांना आशा होती की कागद वाळवीने खाल्ले असतील. पण सरकारी कागद टाकायचा तर पाच सह्या लागतात आणि ठेवायचा तर एकही लागत नाही, त्यामुळे सगळं जागच्या जागी होतं. दप्तरखाना तळघरात होता. दप्तरदार त्यांना ओळखत नव्हता. त्याने विचारलं, "काय पाहिजे?"

"मला पकडून ठेवलं होतं, त्याची नोंद."

"नोंद काढून टाकायची आहे?"

"नाही. असल्याचा दाखला पाहिजे."

दप्तरदाराने लेखणी खाली ठेवली. नोकरीत पहिल्यांदाच कोणी उलट्या दिशेने आलं होतं. "शोधा," तो म्हणाला. "धरणं उजवीकडे, कालवे डावीकडे, तक्रारी सगळीकडे."

काका उजवीकडे गेले. तळघराला छताजवळ एक आडवी काच होती आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसत. उन्हाचा एक पट्टा फडताळांवरून सावकाश सरकत होता. धूळ त्यात अशी तरंगत होती, जणू तिला कुठेच जायचं नव्हतं. काका शिडीवर बसले आणि वह्या चाळू लागले. वह्या चाळता चाळता एक गुंडाळी हाताला लागली. उलगडून पाहिली, तर त्यांचाच नकाशा. तोच तलाव. कोपऱ्यात त्यांची सही, आणि मधोमध त्यांनी दिलेला निळा रंग, कडेला गडद, मध्ये फिका. त्या निळ्याखाली नीट पाहिलं तर पेन्सिलीची खोडलेली एक रेघ होती. तो रस्ता होता. धरण बांधण्याआधी तिथून रस्ता जात असे, आणि तो पुसून त्यावर पाणी रंगवायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

काका ती रेघ बघत राहिले. दप्तरदार जेवायला गेला आणि जाताना सवयीने दाराला कुलूप लावून गेला. पावणेदोन तासांनी तो परत आला तेव्हा शिडीवर माणूस बघून त्याच्या हातातली पानाची पुडी पडली.

"अहो, ओरडायचं नाही का? दार वाजवायचं नाही का?"

"कुलूप लावलं होतं का?" काकांनी विचारलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणीतरी नियमानुसार डिटेन केलं होतं, आणि त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

चौकीची वही मात्र सापडली. दप्तरदाराने स्वतः पान काढलं, स्वतः प्रत काढली आणि वेळेची भरपाई म्हणून एकाच्या जागी तीन शिक्के मारले. पहारेकऱ्याचं अक्षर ठसठशीत होतं. "दुपारी २.४०. ओळखपत्र नसलेला एक इसम पाण्याकडे बघताना आढळला. चौकीत बसवला. कचेरीत विचारलं. आपलाच आहे. ३.१० ला सोडला. गेला नाही. चहा दिला. गेला नाही. ५.४० ला आपण होऊन गेला. संशयास्पद काही नाही."

काकांनी ते दोनदा वाचलं. एवढं प्रामाणिक चरित्र त्यांचं कोणी लिहिलं नव्हतं. पुढे लिहील असंही वाटत नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली, घडीची घडी केली, आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, "मिळालं. तर्जुम्याला देतो."

"बघू तरी."

"अक्षर लागत नाही," काका म्हणाले, आणि वरच्या मजल्यावर गेले.

बाईंनी कागद वाचला. त्यांनी कोरा कागद घेतला आणि सावकाश लिहायला सुरुवात केली. काका समोर हात मांडीवर ठेवून बसले होते, सहावीत बसत तसे. "३.१० ला सोडला" इथे बाईंनी पहिलं वाक्य संपवलं. मग पेन उचललं.

"गेला नाही. याला इंग्रजीत एक चांगलं क्रियापद आहे. रिमेन. रिमेन्ड," त्या म्हणाल्या. "अकर्मक आहे. याला दुसरं कोणी लागत नाही."

काकांनी मान हलवली.

"काकूंना माहीत आहे?"

काकांनी पुन्हा मान हलवली, पण आडवी.

"मी तर्जुम्यात बदल करणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि पाकीट बंद करून देते. उघडायचं कोणी, ते तुम्ही ठरवा." त्यांनी पाकिटाची कड ओली केली, दाबली, आणि त्यावर पेपरवेट ठेवला, जणू आतलं उडून जाणार होतं.

मुलाखतीच्या दिवशी वकील आपला काळा कोट देऊ करत होते. काकांनी नम्रपणे नकार दिला. काकू मात्र त्या सकाळी अगदी खुशीत होत्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली आणि रिक्षात बसल्याबसल्या काकांना पढवलं. "घाबरायचं नाही. सगळं सविस्तर सांगायचं. बंदुकांचं सांगा. जीपचं मी सांगते."

परदेशी वकिलातीच्या खोलीत राखाडी गालिचा होता आणि एका ओळीत काचेच्या खिडक्या. टोकन क्रमांक फळ्यावर उमटत तसतशी माणसं उठत. काकांना फळ्यावरचा लाल आकडा बदलताना बघत बसायला आवडलं असतं, पण आकडा त्यांचाच आला. खिडकीमागे एक तरुण अधिकारीबाई होती. ती परदेशी होती, पण आपली भाषा शिकली होती, आणि ती अशा पुस्तकातून शिकली होती की त्यात कोणी कोणाशी घरगुती बोलत नसावं.

"नमस्कार. आपणांस डिटेन करण्यात आले होते, असे आपले म्हणणे आहे. कृपया निवेदन करावे."

काकूंनी काकांना कोपर मारलं. काकांनी नुसतं पाकीट काचेखालून पुढे सरकवलं. अधिकारीबाईने पाकीट फोडलं, तर्जुमा वाचला, मग मूळ कागद वाचला, मग पुन्हा तर्जुमा.

"येथे लिहिले आहे की तीन वाजून दहा मिनिटांनी आपणांस सोडण्यात आले."

"हो," काका म्हणाले.

"साडेपाचनंतर," काकूंनी सुधारलं. "साडेपाच वाजून गेल्यावर सोडलं. म्हणून तर गाडी चुकली."

"क्षमस्व. तीन दहा. त्यानंतर आपण राहिलात. कोणी राहावयास सांगितले?"

काका म्हणाले, "कोणी नाही."

काकू त्यांच्याकडे वळल्या. काकांनी वळून पाहिलं नाही. ते काचेकडे तोंड करूनच बोलत राहिले, कारण तिकडे तोंड करून बोलणं थोडं सोपं होतं.

"त्या वर्षी पाणी खूप उतरलं होतं," ते म्हणाले. "चौकीच्या दारातून जुना रस्ता दिसत होता. मीच तो नकाशावर पुसला होता, म्हणून मला तो लगेच ओळखू आला. दोन्ही बाजूंना मैलाचे दगड तसेच उभे. उतरणीने रस्ता खाली यायचा आणि सरळ पाण्यात शिरायचा. अगदी सवयीने, आपण घरात शिरतो तसा. आणि तिकडे लांब, पलीकडच्या काठावर, तोच रस्ता पाण्यातून वर निघून पुढे चालायला लागायचा. मला वाटलं, आता कोणीतरी येईल. पलीकडून निघालेलं कोणीतरी खालून चालत चालत या बाजूला बाहेर येईल. तसं काही होत नसतं, हे मला कळत होतं. पहारेकरी म्हणाला जा. मी म्हटलं, पाच मिनिटं. मग त्याने चहा दिला. चहा संपला तेव्हा ऊन पाण्यावर तिरकं आलं होतं आणि खालचा रस्ता जास्तच नीट दिसायला लागला होता. मला गाडी आठवत होती. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मला सगळं आठवत होतं, आणि मी उठलो नाही."

खोलीत कुठल्या तरी खिडकीत शिक्का मारल्याचा आवाज झाला.

अधिकारीबाईने हनुवटी तळव्यावर टेकवली होती. "मग कोणी आले का?" तिने विचारलं. या वेळी ती पुस्तकातलं बोलली नाही.

"नाही."

मग तिला आपण कुठे आहोत ते आठवलं. तिने लाल पेन घेतलं, सतराव्या चौकटीतलं "हो" खोडलं आणि तिथे "नाही" लिहिलं. "हे डिटेन नव्हे," ती म्हणाली. "हे कोणत्या रकान्यात येते, मला ज्ञात नाही. अर्जात तसा रकाना नाही. आपण जाऊ शकता."

काका जागचे हलले नाहीत. काकूंनी त्यांच्या बाहीला धरून त्यांना उठवलं.

परतीच्या रिक्षात काकू एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी साडी घडी करून ठेवली, कुकर लावला, आणि त्या दिवसापासून काकांशी बोलणं बंद केलं. राग आरडाओरडीचा असता तर काकांना सोसवला असता. हा राग टापटिपीचा होता. ताट वेळेवर वाढलेलं असे. औषधाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलेली असे. फक्त "अहो" नव्हतं. खिडकीशी कप हवेत राहिला तरी स्वयंपाकघरातून "गेले!" येत नसे. मग काकांनाच मध्ये दचकून भान यायचं आणि चहा सांडायचा.

इमारतीने आपापल्या परीने मदत केली. वकिलांनी येऊन दोन्ही पक्षांत तडजोड सुचवली, आणि काकूंनी दार उघडून धरलं ते त्यांच्या आत येण्यासाठी नव्हतं. ते खाली जाऊन बायकोला म्हणाले, "जीप काढून टाकावी लागली, त्याचं जास्त दुःख आहे त्यांना." यात तथ्य असावं. एकतीस वर्षं आपण ज्या शूर नवऱ्याची कथा सांगितली तो नवरा स्टुलावर बसून चहा पीत होता, हे कोणत्याही बायकोला पचायला वेळ लागेल. पण काकांना ठाऊक होतं की दुःख जीपचं नाही. फलाटावर झाडू मारणारा माणूस, आणि हातात ताईसाठी विणलेला स्वेटर घेऊन उभी असलेली आपली बायको, हे चित्र त्यांनी आजवर डोळ्यांपुढे येऊच दिलं नव्हतं. आता ते जेवताना, दाढी करताना, केव्हाही यायचं. तलाव बघायला अडीच तास होते त्यांच्याकडे, आणि हे बघायला एकतीस वर्षांत एक मिनिट नव्हतं.

सहाव्या दिवशी त्यांनी काकूंच्या पाठीला उद्देशून म्हटलं, "मी चुकलो. पकडलं होतं म्हणालो, कारण नुसता बसलो होतो असं सांगायची मला लाज वाटली. अजूनही वाटते."

काकूंची पाठ शेंगा निवडत राहिली. पण शेंगा जरा सावकाश मोडू लागल्या.

नवव्या दिवशी पाकीट आलं. दोन्ही पासपोर्ट, दोन्हींत व्हिसा. काकूंनी ते उघडून पाहिलं, तारखा पाहिल्या, टेबलावर ठेवलं आणि ताईला फोन लावला. फोनचा आवाज त्यांनी मोठा केला आणि फोन दोघांच्या मध्ये ठेवला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या काकांच्या शेजारी बसल्या होत्या.

"ताई, व्हिसा झाला. वीस तारखेला निघतोय."

"झाला? अगं बाई! आणि आमचा कैदी?"

"तेच सांगायचंय. त्यांना कोणी पकडलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तीनलाच सोडलं होतं. हे तिथेच तळं बघत बसून राहिले. गाडी चुकेल हे माहीत असून."

पलीकडून काहीच आवाज येईना. काकांनी डोळे मिटले. फोन बंद पडला की काय म्हणून काकू "ताई? ताई?" करू लागल्या.

"आहे, इथेच आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुला एक सांगू का? त्या दिवशी माझी ट्रंक मी डब्यात चढवलीच नव्हती. फलाटावर ठेवली होती, दारासमोर. मी डब्याच्या दारात उभी. मनात ठरवलं होतं, ही येईल, रडेल. ही रडली की जायचं नाही. नोकरी गेली खड्ड्यात. आणि तू रडणार, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी तुझीच वाट बघत होते, तू येऊन मला थांबवावंस म्हणून. शिट्टी झाली. गाडी हलली. हमालाला वाटलं बाई घाबरली, त्याने ट्रंक उचलून आत ढकलली. मी गेले."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? त्याला पकडून ठेवलं होतं म्हणालीस. दैवच तसं होतं, म्हटलं."

"मग ते बरं झालं की वाईट झालं, ताई?"

ताई हसली, निदान तसा आवाज तरी आला. "रोज वेगळं उत्तर येतं गं. नोकरीत होते तेव्हा बरं झालं वाटायचं. हल्ली गुडघे दुखतात त्या दिवशी वाईट वाटतं. घर मोठं आहे, झाड चांगलं आलंय. एवढ्या लांब आले नसते तर कोण असते मी, काय माहीत. तुम्ही या. तिघं मिळून ठरवू. त्याला सांग, मी रागावलेली नाही. अजून तरी."

फोन ठेवून काकूंनी खुर्ची काकांकडे वळवली. काकांना नजर कुठे ठेवावी ते समजेना, म्हणून त्यांनी ती मेणकापडावरच्या एका डागावर ठेवली.

"अहो," काकू म्हणाल्या.

नकाशेकाकांनी मान वर केली.

"तुमच्यामुळे माझी बहीण गेली. आणि तुमच्यामुळेच तिचं चांगलं झालं, असंही असेल. आता तुमच्यावर रागवायचं की तुमचे आभार मानायचे, मला काही म्हणता काही सुचत नाहीये. माझं ठरेपर्यंत इथून हलायचं नाही."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. काका सांगितल्याप्रमाणे खुर्चीत ताठ बसून राहिले. आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग कपाटावरून काहीतरी जड ओढल्याचा, मग धूळ उडाल्यावर येते तशी शिंक, आणि पाठोपाठ काकूंचा आवाज.

"अहो! हलू नका म्हटलं म्हणजे बॅग धरायलाही येऊ नका असं नाही!"